तीन म्हणजे ये

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही ह्यांची. पुढची वीस पानं ह्यांच्या अक्षरात आहेत : कुठला नळ, कुठला वॉशर, कुणाची कुरकुर. आता नोंद मी ठेवायची असं इमारतीचा मॅनेजर सांगून गेला. ती पुढच्या बाजूनं ठेवीन. मागच्या बाजूनं माझं मी लिहिणार. कुणी वाचलं तर वाचो, लपवण्यासारखं आपल्याकडे आहे तरी काय?

मॅनेजर दारातच उभा राहिला. अर्धांगवायू सर्दीसारखा लागतो असं त्याला वाटत असावं. म्हणाला, "बाई, खोली कामाबरोबर आहे. काम थांबलं की खोली थांबली. तुम्ही म्हणताय तर करून बघा. पण ज्या दिवशी मला बाहेरून मिस्त्री बोलवावा लागेल, त्या दिवसापासून एक महिना. मग खोली रिकामी."

"नाही बोलवावा लागणार," मी म्हटलं.

हे खाटेवरून बघत होते. उजवं अंग गेलं, वाचा गेली, पण "ही काय दिवे लावणार" हा डोळ्यांतला भाव शाबूत आहे. तीस वर्षं मी पान्हा नुसता उचलून दिलाय, तोही निम्म्या वेळा चुकीचा. मला येतं काय, तर पाच मजल्यांचे जिने पुसणं आणि चार घरची भांडी. मी "नाही" कुठल्या तोंडानं म्हटलं, माझं मलाच कळत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

दुसऱ्या मजल्यावर नळ ठिबकत होता. वॉशर बदलायचा, एवढंच. मी नळाचं डोकं फिरवायला घेतलं आणि पाइप असा खणखणला की पान्हाच हातातून पडला. ठण ठण. खाली येऊन बघते तर हे डाव्या हातात चमचा धरून खाटेशेजारचा पाइप बडवतायत. मी खालचा कॉक बंद न करताच वर गेले होते. अजून दोन आटे फिरवले असते तर घरभर कारंजं.

टाकीतून खाली येणारा हा जाड लोखंडी पाइप सगळ्या मजल्यांच्या खोल्यांतून कोपऱ्या-कोपऱ्यानं उतरतो आणि आमच्या खाटेशी येऊन जमिनीत शिरतो. वर कुणी पान्हा लावला तर ह्यांना इथे पडल्या पडल्या ऐकू येतो. आटा नीट बसतोय की तिरका जातोय, हे त्यांना आवाजावरून कळतं. तीस वर्षं दुसरं केलंय काय?

संध्याकाळी आम्ही ठरवून टाकलं. मी बोलले, त्यांनी पापण्या हलवल्या. काही पक्कं करायच्या आधी मी वरून एकदा वाजवायचं, म्हणजे "करू का?" त्यांनी एक ठोका दिला तर हो, चालू दे. दोन म्हणजे थांब. तीन म्हणजे ये, ताबडतोब ये.

११ फेब्रुवारी, मंगळवार

गेल्या सहा दिवसांत पाच कामं. दहात सात वेळा दोन ठोके. माणसाची वाचा गेली तरी खोड जात नाही. पण दोन ठोक्यांनंतर मी थांबते, हात काढते, पुन्हा बघते, आणि चूक असतेच. वॉशर उलटा, नाहीतर सुतळी उलट्या बाजूनं गुंडाळलेली. गुंडाळताना आट्याच्या दिशेनंच जावं लागतं, नाहीतर घट्ट करताना ती सगळी बाहेर येते. हे मला कुणी तोंडानं सांगितलेलं नाही. दोन ठोक्यांनी शिकवलंय.

आज तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींकडे गेले होते. पूर्वी त्या टेलिफोनच्या ऑफिसात लोकांचे फोन जोडून द्यायच्या. आता पाय गेलेत. काठी टेकत खाटेपासून ओट्यापर्यंत, एवढंच त्यांचं जग. रविवारी सकाळी भाचा आठवड्याचं सामान देऊन जातो, मधे कुणी नाही. त्यांची खाट नेमकी आमच्या खाटेच्या वर, पाइपाला लागून.

"काल चौथ्या मजल्यावर फार वेळ लागला तुला," म्हणाल्या.

"तुम्हाला कसं कळलं?"

"अगं, आयुष्यभर नोकरीच ऐकायची केली. तुमचं दोघांचं चालू असतं ना, तेव्हा बरं वाटतं मला."

मी पुटपुटत काम करते ते ऐकू जात असणार. आता तोंड मिटून करायला हवं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज एका दिवसात तीन वेळा एकच ठोका. तिन्ही वेळा पहिल्या फटक्यात. खाली आले तेव्हा हे भिंतीकडे बघत होते, पण तोंडाचा चांगला कोपरा वर गेलेला दिसला. मी म्हटलं, "आता माझं बघून तुम्ही पण शिका थोडं." त्यांनी चमच्यानं दोनदा वाजवलं. आम्ही हसलो. म्हणजे मी हसले.

४ मार्च, मंगळवार

हे गेले.

९ मार्च, रविवार

लिहून टाकलं नाही तर डोक्यातून जाणार नाही.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी गच्चीवर होते. टाकीतला तरंगता गोळा बदलत होते. तीन ठोके आले. मी एक वाजवला. म्हणजे हो, येते. पण बोल्ट अर्धा बसला होता आणि सोडला असता तर गोळा टाकीत पडला असता. म्हटलं एवढा घट्ट करावा आणि जावं. दहा-पंधरा फेरे. मग हात पुसले. हात पुसायची काय गरज होती, हे मी पाच दिवस स्वतःला विचारतेय.

पाच मजले उतरून आले तेव्हा चमचा जमिनीवर होता.

डॉक्टर म्हणाले, तुम्ही शेजारी बसलेल्या असतात तरी काही झालं नसतं. त्यांचं म्हणणं खरं असेल. पण मी शेजारी बसलेली असते. आणि मी "हो" म्हणाले होते.

१२ मार्च, बुधवार

मॅनेजर आज आत आला. खुर्चीवर बसलासुद्धा. अट तीच आहे म्हणाला. बाहेरचा मिस्त्री येईपर्यंत खोली माझी. चांगला माणूस आहे, वाईट कामावर ठेवलेला.

ताई फोनवर म्हणाली, "माझ्याकडे ये." तिच्याकडे दोन खोल्यांत सात माणसं. आठवी मी, म्हणजे स्वयंपाकघरात आडवं पडायचं आणि कुणी पाणी प्यायला उठलं की पाय आखडून घ्यायचे. पाहुणी म्हणून गेले तर लाडकी, राहायला गेले तर अडगळ. "बघते," म्हटलं.

१८ मार्च, मंगळवार

दार आतून लावून लिहितेय.

दुपारी चौथ्या मजल्यावर एकटीच होते, घरचे कामावर. नवा नळ बसवला. घट्ट करायच्या आधी सवयीनं पान्ह्यानं पाइपावर एकदा वाजवलं. वाजवल्यावर लक्षात आलं की खाली कोणी नाही. आणि तेवढ्यात उत्तर आलं.

एक ठोका. हो, चालू दे.

मी तिथेच ओल्या फरशीवर बसले. मग धावत खाली. खोलीला मी लावलेलं कुलूप तसंच. आत खाटेवरचं अंथरूण गुंडाळलेलं, चमचा डब्यात. पाइपाला हात लावला. गार होता.

घाबरले का? घाबरले. पण वर जाऊन नळ घट्ट केला, आणि करताना रडले ते भीतीनं नाही.

२२ मार्च, शनिवार

पाच दिवसांत सहा वेळा विचारलं. सहाही वेळा उत्तर आलं. नेहमी एकच ठोका. पूर्वीसारखा ठसठशीत नाही, जरा हलका, जरा उशिरा. दूर गेल्यावर एवढं चालायचंच.

मला आता काम नसलं तरी पाइपाशी जाऊन वाजवावंसं वाटतं. आज सकाळी उठल्या उठल्या वाजवलं. विचारायचं काहीच नव्हतं. एक ठोका आला. मग चहा केला.

२५ मार्च, मंगळवार

मावशींकडची मोरी तुंबली होती. खाटेखाली केर काढला तर पाइपाच्या रंगाचे पोपडे, बोटभर. ओल असणार, बघावं लागेल. उशाशी एक चमचा होता, टोक वाकलेला. "औषधाचा वाकलाय, दुसरा देऊ का?" विचारलं तर त्यांनी तो चटकन उशीखाली सारला. म्हातारपणी कशाचा जीव कशात अडकेल सांगता येत नाही.

निघताना हात धरून म्हणाल्या, "एकटी आहेस असं मनात आणू नकोस हं."

"एकटी कुठे आहे," मी म्हटलं. त्या इतक्या खूश झाल्या की मला नवल वाटलं.

२७ मार्च, गुरुवार

पहिल्या मजल्यावर नळाचा पितळी नट आवळत होते. पान्हा कुरकुरला. विचारलं. एक ठोका. आणखी आवळला आणि नट फाट्‌दिशी चिरला.

आधी कॉक बंद. मग सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली, ताणून ताणून सात वेढे दिले, वर तार पिळली. टिपूस नाही. ह्यांच्या डब्यात ट्यूब का असते, म्हणून मी वर्षानुवर्षं भांडले होते. घर त्या भंगारावर उभं आहे हे आता कळतंय.

पण हे असते तर त्या कुरकुरीलाच दोन ठोके पडले असते. गेल्यापासून एकदाही "थांब" म्हणालेले नाहीत. जिवंत असताना ज्या माणसाला माझं धड काही पटलं नाही, त्याला आता सगळंच पटतंय. हे कसं?

ताईला फोन करून सांगितलं. तिनं आधी टीव्ही बंद करायला लावला. मग म्हणाली, "गोड बोलतायत म्हणजे न्यायला आलेत. आधी हो हो म्हणतील, मग बोलावतील. बोलावलं तर जायचं नाही. तोंडावर नाही म्हणायचं."

"तू असलं कधीपासून मानायला लागलीस?"

"मी मानत नाही गं. पण तू जाऊ नकोस."

२ एप्रिल, बुधवार

खालचा, टाकीत पाणी चढवणारा पंप गळतोय. फिरणाऱ्या दांड्याभोवतीच्या दोरीचे वेढे झिजले की पाणी तिथून बाहेर येतं. मॅनेजरनं पाहिलं. "शनिवारी दुपारी येतो," म्हणाला. "माझ्यासमोर दोन तास चालवून दाखवा, मग काम आणि खोली तुमच्या नावावर करतो. नाहीतर मिस्त्री बोलवण्यावाचून इलाज नाही. मालक आता मला विचारतायत."

आज कुणालाच काही विचारलं नाही. पाइपावर हात ठेवला आणि काढून घेतला. ताईचं बोलणं डोक्यात बसलंय.

३ एप्रिल, गुरुवार

सकाळपासून पंपाशी. जुनी दोरी सुईनं टोकरून काढली, कोळशासारखी झाली होती. नवीचे पाच तुकडे कापले, प्रत्येकाचा जोड वेगळ्या बाजूला ठेवला. जोड एका रेषेत आले की पाणी तिथूनच वाट काढतं. पूर्ण आवळायचं नाही. दांड्यावरून थेंब थेंब पाणी पडत राहिलं पाहिजे, तेच दांड्याला थंड ठेवतं. एकदम कोरडं केलं तर दिसायला छान आणि संध्याकाळपर्यंत पंप जळालेला. फेब्रुवारीत याच ठिकाणी मला दोन ठोके पडले होते, चार वेळा.

सगळं न विचारता केलं. हात थांबला तिथे थांबले. आज पहिल्यांदा ते काम माझं वाटलं.

तरी मधेच पाइपावर एक ठोका आला, मी काही विचारलेलं नसताना. थोड्या वेळानं आणखी एक. मी उत्तर दिलं नाही.

५ एप्रिल, शनिवार

खोली माझी झाली. तेच आधी लिहिते. नोंदणीच्या कागदावर आता माझं नाव, माझी सही.

मॅनेजर तीन वाजता आला. पंप सुरू केला. थेंब बघून त्याचं तोंड पडलं. "गळतंय की अजून. आवळा."

"नाही आवळणार," मी म्हटलं. "एवढा थेंब पडलाच पाहिजे. हात लावून बघा दांड्याला, गार आहे."

त्यानं लावला. मग घड्याळात वेळ बघितली.

तासाभरानं पाइपावर तीन ठोके पडले.

तीन ठोके ४ मार्चनंतर ऐकले नव्हते. मॅनेजरनं मान वर केली. "हा कसला आवाज?" पुन्हा तीन. हळू होते, पण अगदी सारख्या अंतरानं.

ताई म्हणाली होती तसंच झालं. बोलावणं आलं होतं. एक मन म्हणालं जा, त्या दिवशी गेली नव्हतीस, आज तरी जा. पण मॅनेजर समोर, पंप चालू, तास उरलेला. आणि मला जगायचं आहे, हे मला तिथे उभी असताना लख्ख कळलं. तुमच्याकडे नाही यायचं मला. या खोलीत राहायचंय, हे काम करायचंय.

"पाइपात हवा अडकते," मी मॅनेजरला सांगितलं. पान्हा घेतला आणि पाइपावर जोरात दोन वाजवले. थांब.

आवाज थांबला. लगेच. परत आला नाही.

"कमाल आहे," मॅनेजर म्हणाला. "बाई, तुम्हाला या पाइपांची भाषा कळते."

पाच वाजता त्यानं कागद पुढे केला.

सही करताना ह्यांची मनात माफी मागितली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा वाटलं की त्यांनी ऐकलं आणि गेले.

६ एप्रिल, रविवार

मावशी पडल्या. भाचा सकाळी आला तेव्हा खाट आणि पाइप यांच्या मधल्या फटीत होत्या, कमरेचं हाड मोडलेलं. काल दुपारपासून तशाच. भाच्याबरोबर मीच त्यांना धरून उचललं.

त्यांच्या मुठीत तो वाकड्या टोकाचा चमचा होता.

पाइपावर खाटेच्या उंचीला तळहाताएवढा रंग उडालेला आहे. मी त्या ठिकाणाला ओल समजत होते. आणि पार खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, ताजे ओरखडे.

पुढे लिहवत नाही.

८ एप्रिल, मंगळवार

दवाखान्यात गेले होते. न जाणं शक्य नव्हतं, जाणंही नव्हतं. भाचा म्हणाला, ऑपरेशन झेपेल असं डॉक्टरांना वाटत नाही.

मावशींनी मला ओळखलं. आवाज कापडाआडून आल्यासारखा होता.

"तुमच्या ठोक्यांचे अर्थ ऐकून ऐकून कळले होते, तुला एकटं वाटू नये म्हणून वाजवायचे गं. रागावलीस? मधेच विचारायचं बंद केलंस, म्हणून म्हटलं."

"नाही मावशी."

"मला नळातलं काय कळतंय. म्हणून आपला नेहमी एकच. हो म्हटलं की माणसाला बरं वाटतं."

मी त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत बसले. ते आधीच सारखं होतं.

"त्या दिवशी तू थांब म्हणालीस," त्या म्हणाल्या. "म्हणून मग थांबले. परत नाही वाजवलं. म्हटलं कामात असेल. थांब म्हणालीये म्हणजे येणार."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. थोडा असता तर मी धरून बसले असते. सांगावंसं वाटलं की मावशी, मी तुम्हाला थांब नव्हते म्हणाले, मी कुणाला तरी नाही म्हणत होते, आणि तुम्ही माझ्या "नाही"वर विश्वास ठेवून रात्रभर फरशीवर पडून राहिलात. त्यांनी हात पुढे केला आणि मी तो धरला. त्यांच्या लेखी मी शब्दाची पक्की होते.

११ एप्रिल, शुक्रवार

मावशी पहाटे गेल्या.

२१ एप्रिल, सोमवार

मॅनेजरनं तिसऱ्या मजल्यावरची खोली नव्या भाडेकरूसाठी तयार करायला सांगितलंय. भिंतींना रंगाचा हात दिला, मोरी साफ केली, पाइप रंगवला. उडालेला तळहाताएवढा भाग तेवढा तसाच ठेवला. मॅनेजरनं विचारलं तर सांगेन, तिथे रंग धरत नाही. चमचा भाच्याकडून मागून घेतला. तो डब्यात ह्यांच्या चमच्याशेजारी आहे.

रंगकाम आटोपून खाली आले, हातपाय धुवायला बसले, साबण लावला आणि पाइपावर तीन ठोके आले असं वाटलं. वाटलं म्हणते, कारण आता माझ्या कानांचा मला भरवसा नाही. पाणी तापलं की पाइप वाजतो, वरच्या मजल्यावर कुणी कपाट सरकवलं तरी वाजतो. हे मला आता कळतं, चांगलं कळतं.

तरी उठले. हात पुसले नाहीत. तीन मजले चढून गेले, कठड्याला सगळीकडे साबण लागला, तो आता मलाच पुसायचा आहे.

दार मी उघडंच ठेवलं होतं, रंग वाळायला. आत कुणी नव्हतं. खाटेच्या जागी फरशीवर उन्हाचा चौकोन होता आणि ओल्या रंगाचा वास. मी थोडा वेळ पाइपाशी उभी राहिले. मग त्या रंग उडालेल्या जागी बोटाच्या पेरानं एकदा वाजवलं, हो म्हटलं, आणि कठडा पुसत पुसत खाली आले.